एकेचाळीसाव्या पानावर उठून गेलेले वाचक

नईम,

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, अकोल्यात तुझ्या दारात मला गजानन वानखडे भेटला. पायरीच्या कडेला बसला होता. भुवयांवर आणि कानावरच्या केसांत पिठाची पांढरी झाक, हातात चुरगळलेला रुमाल. तुझ्या मेहुण्यानं ओळख करून दिली, "हे वलगावचे वानखडे. नईमभाईच्या पुस्तकाचे वाचक." नमस्कारासाठी जोडलेले माझे हात तसेच राहिले. कारण वलगावचा गजानन वानखडे हा माणूस मी बनवला होता. चार वर्षांपूर्वी, अमरावतीत, आपल्या वाचनालयाच्या लांब टेबलावर बसून, निळ्या शाईनं.

हे तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं असं लिहितोय तेही खोटंच, मी टाळलं. आता तू ऐकायला नाहीस म्हणून मला धीर आलाय, आणि असा धीर येणं किती हलकं आहे हे कळूनही लिहितोय.

वाचनालयाची रीत तुला माझ्याइतकीच माहीत होती. कॉलेजात असताना आपण दोघंही तिला हसायचो. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक कोरी पट्टी चिकटवलेली, आणि पुस्तक परत करताना सभासदानं तिच्यावर दोन ओळी तरी मत लिहायचं, खाली नाव, गाव आणि सभासद क्रमांक. मत न लिहिता पुस्तक आणलं तर खिडकीतूनच परत पाठवत. लेखक आपल्या भागातला असेल, तर दिवाळीच्या आधी सेक्रेटरीनं ती सगळी मतं सुवाच्य अक्षरात उतरवून लेखकाला टपालानं पाठवायची. पुढे तो सेक्रेटरी मीच झालो. तू म्हणालास, "प्रोफेसर, आता तुह्या अक्षराची खरी परीक्षा हाये बे." अक्षराची नव्हती रे, दुसऱ्याच कशाची होती.

तुझी कादंबरी आली ती त्या वर्षांत, जेव्हा आपल्याकडे लोक सकाळचा पेपर मागच्या पानावरून वाचायला लागले होते. पहिल्या पानावर आज कोणत्या गावच्या शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी असेल, ती आधी डोळ्यांपुढे नको म्हणून. तुझं दुकान तेव्हा बरं चालायचं. पुढे कॉम्प्युटरचा क्लास, मागे पडद्याआड गेमची चार मशीनं. तुझ्याकडे शिकून पुण्याला गेलेल्या एकानं तिकडे छोटी कंपनी काढली, एक गेम बनवला, 'चौकी सतरा'. कुठल्याशा कोरड्या ग्रहावर एकटा माणूस, पाणी शोधायचं, यंत्रांशी लढायचं, तीन जीव. सीडीच्या खोक्यासोबत मराठीत एक कादंबरी द्यायची अशी त्याची कल्पना, आणि मराठीत लिहिणारा त्याच्या ओळखीत एकच, त्याचा सर. तू.

तू बसनं अमरावतीला आलास, बाड माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालास, "प्रस्तावना तू लिव." मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. तुलाही आठवत असेलच, तू फक्त दाखवलं नाहीस. मी म्हणालो, "नईम, व्हिडिओ गेमवरची कादंबरी म्हणजे खेळण्याच्या खोक्यावरचा मजकूर. मी मराठी शिकवतो. माझ्या नावाचाही विचार कर." तू चहा बशीत ओतलास, फुंकर घातलीस आणि म्हणालास, "करतो न विचार. तुह्या नावाचा मी नाही करन तं कोन करन?" त्यात टोमणा होता की माया, हे मी तेव्हा तपासलं नाही.

पुस्तक छापून आलं. माझी प्रत तू हातात दिलीस, सहीसकट. मी घरी जाऊन वाचायला घेतलं, हे खरं आहे. यान उतरतं, धुळीचं वादळ येतं, तुझा वामन नियम मोडून सामानात लपवून आणलेली लोणच्याची बरणी काढतो. बरं चाललं होतं. मग कोणाचा तरी फोन आला, मी खिशातलं बसचं तिकीट पानात घातलं आणि पुस्तक कपाटात ठेवलं. पान एकेचाळीस. त्या पानावरून मी पुढे गेलो नाही. वेळ नव्हता असं काही नाही. एक फुगलेला माणूस होतो, एवढंच.

आपलं भांडण मात्र मी वाचल्याच्या थाटात केलं. आठवतं? गेममध्ये वामनला नाव नाही, नुसता क्रमांक आहे, आणि तीन जीव आहेत. तू त्याला नाव दिलंस आणि जीव दिलास एक. हे मला मागच्या कव्हरावरच कळलं होतं, पानं उलटायची गरजच नव्हती. मी ऐटीत म्हणालो, "मूळ खेळाशी प्रतारणा आहे ही. ज्यांच्यासाठी लिहिलं, त्यांना तीन जीव हवेत." तू पहिल्यांदाच चिडलास. "अबे, रोज एकेका गावातून बातमी येऊन राहिली, अन् मी तीन जीव लिहू? मेला का पुन्हा सुरू? कोनाच्या घरी असं होऊन राहिलं, मले दाखव न." मी म्हणालो, "ही विज्ञानकथा आहे, नईम, वर्तमानपत्र नाही." तू म्हणालास, "मंग तू शेवट वाच, अन् सांग." मी हो म्हणालो. ते भांडण तिथेच अर्धवट आहे.

पहिल्या दिवाळीला पट्टी उघडली तर तिच्यावर तीन मतं. तिन्ही इंजिनिअरिंगच्या होस्टेलवाल्यांची. एक: "गेम चांगला. पुस्तकात गोळीबार कमी, बोलणं जास्त." दुसरं: "माणसाला तीन जीव हवे होते. लेखकाने गेम नीट खेळलेला दिसत नाही." तिसरं: "पान ६२ फाटके आहे, दखल घ्यावी." बस्स. त्याच महिन्यात पुण्याची ती कंपनी बंद पडली होती, गेम कोणी खेळत नव्हतं, आणि तुझ्या पडद्यामागच्या चारपैकी तीन मशीनं तू झाकून ठेवली होतीस. तुझा फोन आला. "काय म्हनतात बे लोकं? किती जनाइनं वाचलं?" मला 'तीन' म्हणवेना. मी म्हणालो, "पंधरा."

मग बारा वाचक आणायला हवे होते.

मी ते आणले, आणि लाजेनं सांगतो, मजेत आणले. सभासदत्व संपलेल्यांचे जुने क्रमांक शोधले. नावं अशी घेतली की खटकू नयेत. बाळापूर टाळलं, कारण ते तुझं गाव आणि तू तिथल्या एकेकाला ओळखायचास. तेल्हाऱ्याचे एक निवृत्त शिक्षक केले, ते म्हणाले, धुळीच्या वादळाचं वर्णन वाचताना वैशाखात बसच्या मागच्या सीटवर बसल्यासारखं वाटलं. सौ. कुंदा देशपांडे केली, तिला लोणच्याच्या बरणीपाशी रडू कोसळलं. एका म्हाताऱ्या वाचकासाठी तर मी पट्टीवर डाव्या हातानं लिहिलं. आणि वलगावचा गजानन वानखडे. आपल्याकडे गजानन नाव कोणत्या घरात नाही, वानखडे कोणत्या गावात नाही? हा माणूस कोणाच्याही नजरेत भरणार नाही, म्हणून घेतला. त्यानं लिहिलं, "यान उतरते तो प्रसंग भारी आहे. असे लेखक आपल्या भागात आहेत याचा अभिमान वाटतो." पंधरा मतं सुवाच्य अक्षरात उतरवली, पाकीट चिकटवलं आणि हलका झालो. तुझं बरं व्हावं म्हणून केलं, अशी मी चार वर्षं स्वतःची समजूत घातली. थोडं खरंही असेल ते. पण नईम, तू मलाही माझं मत विचारणार होतास, आणि बाराजणांच्या गर्दीत माझं कोणी विचारणार नाही, हे मला ठाऊक होतं. बारा वाचक तयार करणं मला सोपं गेलं. एक वाचक होणं जमलं नाही.

पंधरवड्यात तुझी कार्डं आली. पंधरा वाचकांना पंधरा पोस्टकार्डं, सगळी 'द्वारा वाचनालय'. होस्टेलवाल्यांची त्यांना दिली. बाकीची बारा माझ्या ड्रॉवरमध्ये. प्रत्येकाला नावानं लिहिलेलं, प्रत्येकाचे वेगळे आभार. कुंदाबाईंना तू तुझ्या अम्मीच्या लोणच्याची कृती कळवलीस. तेल्हाऱ्याच्या गुरुजींच्या पाया पडून विचारलंस की प्रकृती कशी आहे. आणि प्रत्येक कार्डाच्या शेवटी तीच एक ओळ: "आणि सेक्रेटरी साहेब जेवले का, तेवढं कळवा." मला वाटलं, तुझी नेहमीची थट्टा. तुला माझं वेळेवर न जेवणं होस्टेलपासून माहीत. मी हसलो, कार्डांना रबर लावलं आणि ड्रॉवर बंद केला.

पुढच्या उन्हाळ्यात तू अचानक वाचनालयात उगवलास. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चपलांवर धूळ. म्हणालास, "वलगावले जाऊन आलो. गजानन वानखडेले भेटलो." माझ्या हातातली पावती खाली पडली. मी विचारलं, "भेटला?" तू म्हणालास, "भेटला न. न भेटाले काय झालं? भला मानूस हाये." आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावलास. मला वाटलं, नावाचा कोणी तरी भेटला असेल, भिडेपोटी हो म्हणाला असेल, सुटलो. मी पुढे एक अक्षर विचारलं नाही. तू तांब्याच्या आडून माझ्याकडे बघत होतास का रे? आता मला तसं आठवतं. पण हल्ली मला जे हवं तेच आठवतं.

त्यानंतर दर भेटीला तुझा एक प्रश्न ठरलेला. लग्नात, बसस्टँडवर, माझे बाबा गेले तेव्हा स्मशानाच्या बाकावरसुद्धा, "शेवट वाचला का?" मी म्हणायचो, वाचला. "कसा वाटला?" मी म्हणायचो, परिणामकारक. मराठीच्या प्राध्यापकाला हा शब्द किती उपयोगी पडतो. तू मान डोलवायचास आणि विषय बदलायचास.

शेवटची भेट अकोल्याच्या स्टँडवर, तीन आठवड्यांपूर्वी. तू वाळला होतास, पण तब्येतीचं विचारलं तर उडवून लावलंस. माझी बस लागली, मी पायरीवर चढलो, आणि तू खालून म्हणालास, "वाचून घे बे एकदा." प्रश्न नव्हता तो. आणि मी, बसच्या दारातून, सगळ्या लोकांसमोर, वैतागून म्हणालो, "वाचलंय रे, कितीदा सांगू?" तू हात वर केलास. बस सुटली. माझं तुझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे आहे. ते खोटं आहे, आणि वर आवाज चढवून म्हटलेलं आहे.

तर जियारतीच्या दिवशी मी त्या माणसाशेजारी पायरीवर बसलो. आतून शमीमभाभींचा आवाज आला, "प्रोफेसर साब आए क्या? उनको चाय दो, खाली पेट निकले होंगे." चहा आला. मी वानखड्यांना विचारलं, नईम तुम्हाला कसा भेटला.

"माही चक्की हाये वलगावले," तो म्हणाला. "दयन सुरू होतं. हे आले, घामानं भिजलेले. म्हने, गजानन वानखडे तुमीच का? म्हनलं, गावात तिघं हाये, कोनता पायजे? म्हने, पुस्तक वाचनारा. म्हनलं, मंग कोनताच नाही."

"मग?"

"मंग हासले न. इतले हासले का पोत्यावरच बसले. झोऱ्यातून पुस्तक काहाडलं अन् म्हने, तुमच्या नावानं मत देऊन झालं हाये, आता वाचून घ्या, म्हंजे ते खोटं राहनार नाही. मी इचारलं, माह्या नावानं कोनं लिवलं? तं म्हने, माहा एक दोस्त हाये. बारा जनाइले त्यानं वाचाले बसवलं, अन् बाराच्या बारा एकेचाळीसाव्या पानावर उठून गेले."

माझ्या हातात चहा होता, तो तसाच निवला. मी मनात एकेक मत आठवत गेलो. यान उतरणं. धुळीचं वादळ. बरणी. पुन्हा वादळ. बरणी त्याच एकेचाळीसाव्या पानावर आहे, आणि बाराजणांपैकी एकानंही पुढचं काही लिहिलं नव्हतं, कारण मलाच पुढचं काही माहीत नव्हतं. तुला वलगावला जायच्या आधीच कळलं होतं. पाकीट फोडलंस त्याच दिवशी कळलं होतं.

"मी दोनदा वाचलं," वानखडे सांगत होता. "चक्की सुरू असली का कोनी बोलत नाही, आयकूच येत नाही काही. वाचाले लय बरं. त्याइचा तो दोस्त, तुमी ओळखता का त्याले?"

"ओळखतो," मी म्हणालो.

"तुमी वाचलं अशीन न? शेवट?"

"नाही," मी म्हणालो. तुला चार वर्षं हो म्हणत आलो, आणि एका अनोळखी माणसाला पहिल्या फटक्यात नाही म्हणालो. हे एवढंच तुला म्हणायचं होतं रे. दोन अक्षरं होती.

तो म्हणाला, "मंग मी नाही सांगत. वाचा तुमी."

आज रविवार, वाचनालयाला सुट्टी. किल्ली माझ्याकडे. सकाळी घरून प्रत घेऊन आलो, खिडकीजवळच्या टेबलावर बसलो आणि तिकीट लावलेलं पान उघडलं. तुझी खरी कादंबरी पान त्रेचाळीसवर सुरू होते. माझ्या तिकिटापासून दोन पानांवर. तिथे वामनला पृथ्वीवरून निरोप यायला लागतात. शाळेतल्या मास्तरांचा, शेजारच्या काकूंचा, दूधवाल्याचा, जुन्या दोस्ताचा. यंत्रांशी लढाई आहे, पाण्याचा शोध आहे, गेमला हवं ते सगळं तू दिलंयस. पण वामन जगतो तो त्या निरोपांवर. मधली तीसेक पानं पसरट आहेत, नईम, यंत्राचे भाग मोजत बसलायस. हेही तुला सांगायला हवं होतं. तू भांडला असतास, आणि मला ते भांडण हवं होतं.

शेवटी वामनला कळतं की मास्तर, काकू, दूधवाला, दोस्त, कोणीच नाही. निरोप विभागात रात्रपाळीला बसणारी एक बाई हे सगळं एकटी लिहिते, कारण त्याला खरं कोणीच लिहीत नाही. वाचताना मी घाबरलो. वाटलं, आता हा तिला फाडून खाणार. पण तुझा वामन तसं काही करत नाही. तो प्रत्येकाला नावानं वेगळं उत्तर पाठवतो, मास्तरांच्या पाया पडतो, काकूंना लोणच्याचं विचारतो. आणि सगळ्यांत शेवटी, कादंबरीची अखेरची ओळ म्हणून, तिला लिहितो: "आणि बाई, तुम्ही जेवलात का, तेवढं कळवा."

मी ड्रॉवर उघडला. रबर कुजून तुटलं होतं. बारा कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. बाराही कार्डांवर, खालच्या बाजूला, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात, तुझ्या पुस्तकाचा शेवट. तो तू मला बारा वेळा लिहून पाठवला होतास, की मी ओळखेन, हसेन, आणि फोन करून म्हणेन, पकडलंस लेका. ओळखायला फक्त पुस्तक वाचलेलं असायला हवं होतं. मग तू प्रत्यक्ष विचारत राहिलास, लग्नात, स्मशानात, बसच्या दारात. तुला माफी नको होती, कबुली नको होती. एक वाचक हवा होता, आणि तो माझ्याहून दुसरा कोणी नको होता. मला रडू येतंय. 'परिणामकारक' म्हणवत नाही.

मग वाचनालयाची प्रत काढली आणि पट्टी उघडली. पंधरा मतांखाली थोडी जागा होती. तीन खरी, बारा माझी. बारांवर मी काट मारली, एक सोडून. वानखड्यांच्या मताला हात लावला नाही. ते तू खरं करून ठेवलंयस.

खाली माझं मत लिहिलं. रीतीप्रमाणे ते उतरवून लेखकाला पाठवायचं असतं, म्हणून इथे उतरवतो. उत्तराचं कार्ड या वेळी येणार नाही.

"मधला भाग लांबला आहे. वामनला एकच जीव दिला हे बरोबर केलं, वाद घालणारा चुकला होता. शेवट चार वर्षं उशिरा वाचला, त्याबद्दल लेखकाची क्षमा मागायलाही उशीर झाला. लेखकानं बारा वेळा विचारलं होतं, त्याचं उत्तर: दुपारचे तीन वाजलेत, सेक्रेटरी अजून जेवलेला नाही. वाचत होता."